भीड

आमच्या शाळेत पाचवीच्या मुलांना मराठी निबंध लिहायला दिला की एक वाक्य हमखास येतं : 'बाजारात खूप भीड होती.' मी 'भीड' खोडतो आणि वर 'गर्दी' लिहितो. मुलं उर्दू माध्यमाची, त्यामुळे चूक स्वाभाविक आहे. मग मी फळ्यावर दोन रकाने आखतो. उर्दूत भीड म्हणजे माणसांचा जमाव. मराठीत भीड म्हणजे संकोच, चारचौघांत बोलताना जीभ अडखळते ती. भीड पडते, भीड चेपते, भीड भिकेची बहीण असते. मुलं हसतात आणि पुढच्या निबंधात पुन्हा तेच लिहितात.

2023च्या मे महिन्यात अम्मीला घेऊन आम्ही मुंबईहून गोव्याला क्रूझने गेलो. क्रूझच्या आधी दीड दिवस आणि नंतर एक दिवस मुंबई, असा बेत होता. हा बेत मी दोन महिने आखत होतो आणि त्यात एकच ध्यास होता, गर्दी टाळायची. तो कुठे जमला, कुठे फसला, आणि आखणीच्या आड माझी स्वतःची कुठली भीड लपली होती, ते आज लिहितोय.

आधी क्रूझच का, ते सांगतो. आमचं गाव जयगड खाडीच्या काठी. आमच्याकडे 'मुलगा काय करतो' या प्रश्नाला 'बोटीवर आहे' हे पूर्ण उत्तर असायचं. अब्बा मालवाहू बोटीवर भंडारी होते. हे वाचून कुणी जातीचा विचार करू नये. खलाशांच्या भाषेत सारंग, टंडेल, सुकाणी तसा भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. वर्षातले नऊ-दहा महिने ते समुद्रावर असायचे. ते 2019मध्ये गेले. त्यांची पत्र्याची पेटी आवरताना तळाशी त्यांची नळी सापडली. नळी म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक. कुठल्या बोटीवर कधी चढला, कधी उतरला, याचे शिक्के त्यात असतात. अम्मीने ते पुस्तक हातात घेतलं, एकेक पान उलटलं आणि म्हणाली, "चाळीस वर्षं बोटवाल्याची बायको होते. बोटीवर पाय काही ठेवला नाही."

त्या दिवसापासून मी आणि बायकोने भिशी लावली. हप्त्यांवर तिकीट मिळत होतं, पण व्याज द्यायचं नव्हतं. भिशी लागली तेव्हा अम्मी अडुसष्ट वर्षांची होती आणि तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते.

आता शिक्षकाची अडचण बघा. त्याला सुट्टी मिळते ती मे महिन्यात, आणि त्याच महिन्यात सगळ्या महाराष्ट्राला सुट्टी असते. गर्दी टाळून प्रवास करायचा असेल तर शाळा असताना जायला हवं, आणि शाळा असताना आम्हाला जाता येत नाही. महिना बदलणं शक्य नव्हतं. म्हणून मी दिवस, वेळ आणि दिशा बदलायच्या ठरवल्या.

दिशेचं गणित कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. मेच्या सुरुवातीला चाकरमानी मुंबईहून गावाला येतात. त्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. पण त्याच गाड्या मुंबईकडे परत जाताना त्या मानाने मोकळ्या असतात. महिनाअखेरीला हे चित्र उलटं होतं. म्हणून आम्ही पहिल्याच आठवड्यात निघालो आणि शनिवारी रात्री रत्नागिरीला गाडीत बसलो. चौघांना बर्थ मिळाले. रविवारी उजाडता उजाडता आम्ही सीएसएमटीला उतरलो आणि डोंगरीत खालाच्या घरी सामान टाकलं.

रविवारीही मुद्दाम पोहोचलो होतो. मुंबई रोज एका दिशेने भरते आणि एका दिशेने रिकामी होते. कामाच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा लोंढा दक्षिणेकडे येतो आणि संध्याकाळी पाचनंतर उत्तरेकडे परततो. रविवारी कचेऱ्या बंद असतात, त्यामुळे फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटमध्ये सामसूम असते. उलट गेटवे, चौपाट्या आणि राणीचा बाग तुडुंब भरतात. मी वहीत दोन पानं केली होती. एका पानावर 'रविवारी कुठे जायचं', दुसऱ्यावर 'रविवारी कुठे जायचं नाही'. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. हेही टिपलेलं होतं. मेमधलं दुपारचं ऊन आणि घामट हवा लक्षात घेऊन बाहेर फिरणं सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर, मधल्या वेळेत छप्पर, असा नियम केला होता.

अम्मीला हाजी अलीला जायचं होतं. तिथे गुरुवारी, शुक्रवारी आणि रविवारी झुंबड असते, आणि आमच्या हातात नेमका रविवार आला होता. पण तिथे माणसांच्या वेळापत्रकाइतकंच समुद्राचं वेळापत्रकही चालतं. मोठ्या भरतीला दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली जाते. आमच्या गावातले मच्छीमार भरतीचं गणित बोटांवर करतात : तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. शुक्रवारी पौर्णिमा झालेली, म्हणजे रविवारी वद्य द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातला ओहोटी. डोंगरीतून काळी-पिवळी करून आम्ही सातला पोहोचलो. वाट कोरडी होती, दोन्ही बाजूंचे खडक उघडे पडले होते आणि माणसं तुरळक होती.

2016मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि त्यानंतर स्त्रियांना मजारीपर्यंत जाण्याचा हक्क परत मिळाला, हे मी अम्मीला वाटेत सांगितलं. ती म्हणाली, "तुझे अब्बा बोटीवर चढायचे तेव्हा मी इथे बाहेरूनच दुआ मागायचे. आत काय, बाहेर काय." पण आत गेल्यावर ती बराच वेळ उभी राहिली. मागे रांग नव्हती, कुणी 'चला, चला' म्हणत नव्हतं. त्या अर्ध्या तासापुरता तरी माझा बेत सार्थकी लागला.

साडेआठला बाहेर पडलो तेव्हा समोरून माणसांची रीघ लागली होती. मी विजयी चेहऱ्याने बायकोकडे बघितलं. अम्मी मात्र त्या येणाऱ्यांकडे बघत होती.

रविवारी संध्याकाळी मी तिला रिकामं फोर्ट दाखवलं. इमारती न्याहाळायला याहून चांगली वेळ नाही. मान वर करून चालावं तर कुणी धक्का देत नाही. मुलाला एकेक दगडी दरवाजा दाखवत होतो. अम्मी दहा मिनिटं चालली आणि एका पायरीवर बसली. "माणसंच नाहीत रे," ती म्हणाली. "मुंबई बघायची म्हणून आणलंस आणि माणसं गेल्यावर आणलंस." मग आम्ही क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुम्मा मशिदीकडे गेलो. मी आणि मुलाने हौदावर वजू करून मगरीब पढली. त्या हौदात मासे आहेत, मुलगा ते बघण्यात रमला. बाहेर आलो तर बायको एकटीच उभी. अम्मी समोरच्या गल्लीत, हातगाड्यांच्या गर्दीत, बांगडीवाल्याशी घासाघीस करत होती. ते माझ्या वहीत कुठल्याच पानावर नव्हतं.

सोमवारी जहाजावर चढायचं होतं. आम्हाला दुपारी एकची वेळ दिली होती. मी विचार केला, लवकर गेलं तर रांग नसेल. साडेअकरालाच आम्ही बॅलार्ड इस्टेटला ग्रीन गेटपाशी टॅक्सीतून उतरलो. ही युक्ती फक्त मलाच सुचली असेल असं समजणं ही माझी चूक. शेकडो माणसं, चाकांच्या बॅगा, टोप्या, मुलं, वर रणरणतं ऊन. रांग कुठे सुरू होते ते कुणाला सांगता येत नव्हतं. वयस्कर माणसांसाठी खुर्ची मिळेल असं फोनवर कळवलं होतं, तिथे मात्र खुर्चीचा पत्ता कुणालाच नव्हता. मला घाम फुटला. दोन महिन्यांच्या आखणीतला हाच सर्वांत महत्त्वाचा तास होता आणि तोच हातातून गेला होता.

आता खरं सांगायला हवं. मला त्रास उन्हाचा होता, रांगेचा होता, पण तेवढाच नव्हता. त्या गर्दीत बुरखा घातलेली एकटी अम्मी होती. बायकोच्या डोक्यावर स्कार्फ, माझी दाढी. सगळे सुट्टीच्या रंगीत कपड्यांत. कुणी काही बोललं नाही, वाकड्या नजरेनेही बघितलं नाही. तरी मी आम्हा चौघांना एका भिंतीच्या कडेला, थोडं बाजूला उभं केलं होतं. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. रेल्वेत, सरकारी कचेरीत, शिक्षकांच्या प्रशिक्षणात माझे पाय आपोआप कडेची खुर्ची शोधतात. माझ्या वहीतली सगळी आखणीही तशीच होती. कुठल्या वेळी कुणी नसेल, कुठे आपण कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. त्याला मी 'गर्दी टाळणं' म्हणत होतो.

अम्मी भिंतीजवळून निघाली आणि सरळ रांगेत जाऊन उभी राहिली. मी मागे धावलो. "अम्मी, ऊन आहे, सावलीत थांब, मी जागा धरतो."

"इथेच थांबले होते," ती म्हणाली. मला आधी कळलं नाही. मग तिने फाटकाकडे बोट केलं. "तू तीन वर्षांचा होतास. कडेवर होतास. तुझे अब्बा शिपिंग ऑफिसमधून कागद घेऊन आले आणि या गेटातून आत गेले. बायकांना आत सोडत नव्हते. एवढीच गर्दी होती. सगळ्या आमच्यासारख्याच, कुणी गोव्याच्या, कुणी आपल्याकडच्या. इथून पुढे काही दिसत नव्हतं. बोट कशी असते तेसुद्धा दिसलं नाही."

मग तिने पर्स उघडली. आधार कार्डाबरोबर तिने अब्बांची नळी आणली होती. आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. सुरक्षारक्षकाने ओळखपत्र मागितलं, तेव्हा तिने दोन्ही पुढे केली. त्याने आधार बघितलं, ते जुनं पुस्तक न उघडता परत दिलं आणि म्हणाला, "हे नको मावशी, चला पुढे." अम्मीने नळी छातीशी धरली आणि ती फाटकातून आत गेली. पलीकडे गेल्यावर तिने एकदा वळून बाहेरच्या गर्दीकडे बघितलं.

जहाजावरच्या गर्दीचीही एक रीत असते. कुणी जाणार असाल तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पहिल्या दुपारी सगळे एकदम जेवणघरात घुसतात, तेव्हा डेक मोकळे असतात. अर्ध्या तासाने गेलात तर निवांत जेवता येतं. सुरक्षेची कवायत संपते तेव्हा लिफ्टपाशी गर्दी होते. ज्यांचे पाय बरे आहेत त्यांनी जिना धरावा. पहाटे डेकवर फक्त डेक धुणारे कर्मचारी असतात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, जहाज बंदराला लागतं त्या दिवशी बहुतेक प्रवासी शहर बघायला उतरतात. त्या दिवशी शहरात गर्दी होते आणि जहाज रिकामं होतं. मंगळवारी मुरगावला आम्ही उतरलोच नाही. मेच्या उन्हात गोव्याची मधली दुपार बघण्यापेक्षा अम्मीला जहाज बघायचं होतं. तिने ते वरपासून खालपर्यंत, परवानगी होती तेवढं सगळं बघितलं. स्वयंपाकघर बघायला मिळालं नाही. मग वाढणाऱ्या मुलांनाच तिने विचारलं, इथे भात किती जणांचा लागतो, समुद्र खवळला तर भांडी कशी धरता. त्यांना 'भंडारी' हा शब्द ठाऊक नव्हता. तिने त्यांना तो शिकवला.

खाण्याचं विचाराल तर आम्ही शाकाहारी जेवण आणि मासे यांवर भागवलं, काही अडचण आली नाही. नमाज कसर करून केबिनमध्ये. दिशेचा प्रश्न अम्मीने सोडवला. फोनमधलं होकायंत्र लोखंडी भिंतींमुळे भलतंच दाखवत होतं. ती म्हणाली, "तुझे अब्बा सांगायचे, मुंबईहून खाली जाताना उजवा हात किबल्याकडे, डावा घराकडे. येताना उलटं." नकाशा डोळ्यांपुढे आणला तर बरोबरच होतं. जहाज दक्षिणेला चाललेलं, मक्का पश्चिमेला, कोकण पूर्वेला.

पहिल्या रात्री मी रात्रीच्या जेवणाची शेवटची वेळ घेतली होती. कारण तुम्ही ओळखलंच असेल. बायकोही म्हणाली होती, उशिरा जाऊ, कोपऱ्यात बसू. अम्मी तयार होऊन आठलाच दारात उभी. मी म्हटलं, आत्ता फार गर्दी असेल.

ती म्हणाली, "आपण काय चोरून आलोय?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही आठला गेलो. जागा नव्हती म्हणून एका मोठ्या टेबलावर साताऱ्याकडच्या एका कुटुंबासोबत बसलो. त्यांच्याही आजी होत्या, नऊवारीतल्या. पाच मिनिटांत दोघींचं गुडघ्यांवरून सुरू झालं, ते कुठलं तेल लावायचं इथपासून सुना, नातवंडं आणि महागाईपर्यंत पोहोचलं. त्या आजींनी विचारलं, "तुमचं मराठी एवढं चांगलं कसं?" हा प्रश्न मला आयुष्यभर टोचत आला आहे. मी मराठीचा शिक्षक, मला तो आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. माझा चेहरा बदलला असणार. पण अम्मी हसली आणि म्हणाली, "कोकणात जन्मले, मग दुसरं कसं बोलू?" आजी म्हणाल्या, "खरंच की." आणि बोलणं पुन्हा तेलावर आलं. मी त्या प्रश्नावर किती वर्षं कुढतोय आणि तिने तो ताटातल्या केसासारखा बाजूला काढून टाकला. मी तिच्यासारखा होऊ शकेन असं नाही. तो प्रश्न मला पुढच्या वेळीही टोचेल. पण निदान टेबलावर बसून टोचेल.

त्या रात्री अम्मी झोपली नाही. आपलं गाव कधी येणार, हे तिने तीनदा विचारलं. मी अंतर आणि वेग धरून रात्री दोनचा अंदाज सांगितला होता. दोन वाजता आम्ही दोघं डाव्या बाजूच्या कठड्याशी उभे राहिलो. जहाज किनाऱ्यापासून बरंच आत होतं. मासेमारी बंद व्हायला अजून तीन आठवडे होते, त्यामुळे पाण्यावर सगळीकडे ट्रॉलरचे दिवे. समुद्रावरही गर्दीच होती. त्या दिव्यांमागे अंधार, आणि अंधारात कुठेतरी आमची खाडी. "जयगडचा दिवा कुठला?" अम्मीने विचारलं. मला ओळखता येत नव्हता. तिने स्वतःच एक निवडला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांनाही असंच दिसत असेल."

गुरुवारी सकाळी परत मुंबईत उतरलो. रात्रीची गाडी होती. वहीप्रमाणे सव्वादहाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडतं, त्या वेळी दारात असायचं, दालनं शांत असतात, दुपार आत काढायची. तसंच केलं आणि ते फार छान झालं. मुलगा अजून तिथल्या चिलखतांबद्दल बोलतो. संध्याकाळी काय, या रकान्यात मी 'खालाकडे आराम' लिहिलं होतं. अम्मी म्हणाली, "मोहम्मद अली रोडला जायचं. गर्दी असेल तेव्हा."

गेलो. पाचनंतरची ती गर्दी तुम्हाला ठाऊक असेल तर सांगायला नको, ठाऊक नसेल तर सांगून कळणार नाही. अम्मी पुढे, मागे आम्ही. अब्बा बोटीवरून सुटून आले की तिला इथेच आणायचे. गर्दीत ते पुढे जायचे आणि ती त्यांची टोपी शोधत मागे चालायची. हे तिने त्याच संध्याकाळी पहिल्यांदा सांगितलं.

शाळेतले दोघे-तिघे शिक्षक आता मेमध्ये मुंबईला निघाले की माझी वही मागतात. मी देतो. भरतीचं गणित, रविवारचं फोर्ट, बंदराच्या दिवशी रिकामं होणारं जहाज, सगळं उपयोगी आहे, आणि वृद्ध माणूस बरोबर असेल तर फारच. ग्रीन गेटच्या रकान्यात मात्र 'लवकर जावे' हे खोडून 'पाणी आणि छत्री न्यावी' असं लिहिलंय.

गावी परतल्यावर शेजारणी अम्मीला भेटायला आल्या. बोट कशी होती, काय बघितलं, असं विचारू लागल्या. अम्मीने आधी सगळ्यांना चहा दिला, मग पदर सावरून बसली आणि म्हणाली, "केवढी गर्दी होती म्हणून सांगू!" आणि पहिल्यापासून सांगायला लागली.